जेसीबी परत पाठवा, मग रानाचं बोलू

वाचकाचं पत्र : आमचं गाव पारोळा तालुक्यात. वडिलोपार्जित अकरा एकर, त्यातली सात एकर टेकडीच्या पायथ्याची बरड. त्या सातातल्या खालच्या चार एकरांत वर्षानुवर्षं कापूस घेतला. आता बियाणं-फवारणीचा खर्चही निघत नाही म्हणून काही वर्षांपासून पडीक आहे. वरची तीन एकर खडकाळ, तिथं कधी नांगर लागलाच नाही. मी नाशिकला नोकरीला, धाकटा भाऊ गावी शेती बघतो. मध्यंतरी एका कार्बन कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, झुडपं जेसीबीने साफ करून द्या, रोपं आम्ही फुकट देतो, तीस वर्षांचा करार करू, झाडांनी हवेतला कार्बन शोषला त्याच्या क्रेडिटचे पैसे खात्यावर येतील. पुतण्या म्हणतो, मियावाकी (अगदी दाट लागवडीची जपानी पद्धत) करू. आबा म्हणतात, जंगल लावलं तर उद्या फॉरेस्टवाले सातबाऱ्यावर बसतील. गावातले हसतात, ‘वावरमा जंगल लावस का भो?’ मला मात्र देशी झाडांचं रान उभं करायचं आहे. जमेल का? पैसे मिळतील का? आणि भावाचा प्रश्न : मग बैलजोडी चारायची कुठे?

उत्तर :

भाऊ, सगळ्यात आधी एक काम करा. त्या माणसाला फोन करून सांगा, जेसीबी येणार नाही. करार करायचा की नाही ते सावकाश ठरवा, पण ती ‘झुडपं’ उपटू देऊ नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे आणि तिचा उल्लेख तुम्ही कचऱ्यासारखा केला आहे.

येत्या सुट्टीत गावी गेलात की भावाला बरोबर घेऊन सातही एकर पायी फिरा. वाकून बघा. खालच्या चार एकरांत बोर आणि पळस असणारच. कापसाच्या वावरात दर वर्षी नांगराखाली कापली जाऊनही जी परत फुटतात, ती हीच. दिसायला गुडघ्याएवढं झुडूप, पण खाली मुळाचा गड्डा कित्येक वर्षांचा असतो. वरच्या खडकाळ भागात तोडलेल्या झाडांची खोडं सापडतील, त्यांना बारीक फुटवे आलेले असतील. हिवर, निंब, खैर, नशीब असेल तर धावडा. धावड्याचं खोड दिसलं तर तिथं चुन्याची खूण करून ठेवा. धावड्याचं बी फार कमी उगवतं, रोपवाटिकावाले त्याला कंटाळतात. त्यामुळे जमिनीत जिवंत असलेलं धावड्याचं एक खोड हे विकत आणलेल्या पन्नास गुलमोहरांपेक्षा मोठं धन आहे.

या खोडांना काय करायचं? फारसं काही नाही. पावसाच्या आधी, कोयता नीट पाजळून, प्रत्येक खोडावरचे जोमदार दोन-तीन फुटवे ठेवायचे आणि बाकीचे तिरपा काप देऊन काढायचे. खालचं मूळ तयार असल्यामुळे हे फुटवे दोन पावसाळ्यांत माणसाच्या उंचीला जातात. नव्या रोपाला तेवढं व्हायला आपल्या बरडावर कितीतरी जास्त वेळ लागतो. वर त्याला पाणी द्या, वाळवीपासून वाचवा, ही कामं आहेतच.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा तुम्हाला माहीत असेल. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली ती तिथल्या कामासाठी. चारशे हेक्टरांवरचं जंगल त्या गावाने परत उभं केलं. त्यातला मोठा भाग कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नियम मोडणाऱ्याला दंड यांच्या जोरावर आला. आता तिथं वनभाज्यांची स्पर्धा भरते. पश्चिमेच्या डोंगरामुळे तिकडचा पाऊस तुमच्यापेक्षा बरा आहे, हे मान्य. तुमच्याकडे वेळ जास्त लागेल. पण क्रम तोच : आधी राखण, मग गरज असेल तिथं लागवड.

आता पुतण्याच्या मियावाकीबद्दल. पोराचा उत्साह मोडू नका, पण त्याला आकडा मांडायला लावा. त्या पद्धतीत चौरस मीटरला तीन ते पाच रोपं लावतात. सात एकर म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार चौरस मीटर. कमीत कमी तीन धरली तरी ८४ हजार रोपं झाली, आणि त्यांना पहिली दोन-तीन वर्षं नियमित पाणी. पारोळ्यात, मे महिन्यात, जिथं प्यायला टँकर लागतो? शाळेच्या आवारात दोन गुंठे मियावाकी करायला काही हरकत नाही. पण खानदेशचं रान हे मुळात विरळ, पानझडी रान. झाडांमध्ये अंतर, अंतरात गवत, चैत्रात सगळं निष्पर्ण. कमी पावसात तगायची त्याची ती रीत आहे. तेव्हा मार्चमध्ये गावकरी येऊन ‘वाळलं ना सगळं’ म्हणतील, त्याची मनाची तयारी आत्तापासून ठेवा.

लागवड करायचीच आहे तर अंजनापासून सुरुवात करा. खानदेशच्या कोरड्या टेकड्यांवर, जिथं माती वीतभरही नाही, तिथं अंजन उभा राहतो. त्याचं पान एकदा हातात घेऊन बघा : देठाला जोडलेली दोन छोटी पानं, आपट्याच्या पानाची आठवण करून देणारी, पण पार देठापर्यंत वेगळी झालेली. शेंगा चपट्या, पातळ, वाऱ्यावर उडणाऱ्या, आणि बी एकच, तेही शेंगेच्या टोकाला. एप्रिल-मेमध्ये पिकतात. अंजनाला बी दर वर्षी सारखं धरत नाही. एखाद्या वर्षी झाडाखाली सडा पडतो, मग दोन-तीन वर्षं जेमतेम. म्हणून सड्याचं वर्ष दिसलं की गोणी घेऊन जा. बी ताजंच पेरायचं, आदल्या रात्री पाण्यात भिजवून.

अंजन पिशवीतल्या रोपापेक्षा थेट बी टोकून जास्त चांगला येतो, असं माझं मत आहे. कारण त्याचं सोटमूळ आधी खाली धावतं. वर चार पानं दिसतात तोवर मूळ पिशवीच्या तळाला टेकून गोल फिरायला लागलेलं असतं, आणि असं वळलेलं मूळ पुढे खडकाची फट शोधू शकत नाही. थेट टोकलेलं बी पहिली काही वर्षं तुम्हाला निराश करेल. उन्हाळ्यात शेंडा वाळून जाईल, पावसात पुन्हा फुटेल, उंची वाढलेली दिसणारच नाही. तेवढ्या काळात ते खाली काम करत असतं. उपटून बघू नका म्हणजे झालं.

बाकी झाडांत वरच्या खडकाळ भागाला सालई, कांडोळ, मोई, खैर. सालई आणि मोईच्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर रोवल्या तरी फुटतात. पांगाऱ्याचंही तसंच. त्या कुंपणाच्या खांबांच्या जागी लावा, एका कामात दोन कामं होतील. खालच्या चार एकरांत, जिथं माती थोडी जास्त आहे, तिथं बेल, बेहडा, मोह, चारोळी, आपटा, शिवण, हिंगण, भोकर. बाभूळ आणि हिवराचं बी विकत घेऊ नका. शेळ्यांच्या वाड्यातली लेंडीची माती पसरा, शेळीच्या पोटातून गेलेलं बाभळीचं बी भराभर उगवतं. सुबाभूळ, गिरिपुष्प, विलायती बाभूळ फुकट मिळाली तरी नको. कंपनी जी रोपं ‘फुकट’ देणार आहे त्यांची यादी मागवा. यादीत निलगिरी आणि सुबाभूळ निघाली तर त्यांना लाकडाचं वजन हवं आहे, रान नको आहे, हे समजून घ्या.

एकरी किती? शंभर-सव्वाशे खड्डे पुरेत, आणि तेही जिथं आपोआप काही उगवलेलं नाही तिथंच. रांगा आखू नका. खड्डे मे महिन्यात दीड फुटाचे घेऊन तापू द्या, आणि मृगाच्या पहिल्या सरीला भुलून लावायला धावू नका. आर्द्रा-पुनर्वसूत ओल खोल गेली की लावा. उताराला आडवे समतल चर काढले तर पाणी मुरेल, पण चर काढताना चांगलं गवत उभं आहे ती जागा सोडून द्या.

गवताबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण रान लावणारे लोक गवताला शत्रू समजतात. धुळ्याजवळचं लळिंगचं कुरण बघा. तिथलं सोनं गवतात आहे. तुमच्या वरच्या तीन एकरांत पवन्या आणि मारवेल ही गवतं असतील तर त्या भागात झाडं अगदी तुरळक ठेवा. तितर, लावे, ससे, घोरपड यांचं घर ते आहे. आणि तुमची पहिल्या पाच वर्षांची कमाईही तेच आहे. दिवाळीनंतर, बी झडून गेल्यावर, विळ्याने कापून पेंढ्या बांधा. चाऱ्याच्या टंचाईच्या वर्षी त्या पेंढीला काय भाव येतो ते भावाला विचारा, तो तोंडपाठ सांगेल. गवत कापल्याने वणव्याचं भयही निम्मं होतं. उरलेल्या भीतीसाठी होळीच्या आधी सगळ्या हद्दीने दहा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा ठेवा. शेजारचा बांध पेटवतो आणि ठिणगी आपल्याकडे येते, हे दर वर्षीचं आहे.

आता पैसे. कार्बनचा हिशेब गूढ नाही, कागदावर मांडता येतो. लाकडाच्या कोरड्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन असतो. एक किलो कार्बन म्हणजे हवेतला ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणून मुळासकट एक टन कोरडं लाकूड वाढलं की हवेतला सुमारे १.७ टन वायू बांधला गेला. एक टनाला एक क्रेडिट. समजा तुमच्या बरडावर एकरी वर्षाला एक टन वाढ झाली. सुरुवातीची वर्षं ती होणार नाही, तरी समजा. सात एकरांचे बारा क्रेडिट. भाव बाजारात खूप वरखाली असतो, आपण हिशेबापुरते आठशे रुपये धरू. झाले साडेनऊ हजार. आता त्यातून आग-दुष्काळासाठी राखीव ठेवायचा वाटा गेला, मोजणी आणि त्रयस्थ तपासणीचा खर्च गेला, कंपनीचा हिस्सा गेला. निम्मे हातात आले तरी एकरी सातशे रुपयेसुद्धा होत नाहीत. तेही पहिल्या तपासणीनंतर, म्हणजे लावल्यापासून काही वर्षांनी. आकडे बदलून तुम्ही स्वतः मांडून बघा. दुपटीने धरा, तिपटीने धरा. त्यावर घर चालत नाही, एवढं दिसेल. म्हणून हा पैसा आला तर वरकड समजा, आणि त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

त्या जेसीबीची आणखी एक गंमत. व्हेरासारख्या, कार्बन क्रेडिटची नोंद करणाऱ्या मोठ्या संस्थेचा नियम असा की मागच्या दहा वर्षांत नैसर्गिक परिसंस्था साफ करून तयार केलेली जमीन क्रेडिटला चालत नाही. म्हणजे वरची तीन एकर ‘साफ करून द्या’ म्हणणारा माणूस एकतर नियम जाणत नाही, किंवा साफसफाईचा ठपका उद्या तुमच्यावर ठेवायची सोय करतो आहे. राखण करून आपोआप वाढलेला झाडोराही या नियमांत बसू शकतो. कंपन्यांना रांगेतली रोपं आवडतात, कारण ती मोजायला सोपी. आणि कोणी ‘सरकारी ग्रीन क्रेडिट’ म्हणून सांगत आलं, तर २०२३ ची ती योजना वृक्षलागवडीपुरती मुख्यतः वन विभागाच्या ताब्यातल्या उजाड जमिनीसाठी आहे, सातबाऱ्यावरच्या खासगी बरडासाठी नाही.

तरीही करार वाचायचा असेल तर मराठीत मसुदा मागा आणि पारोळ्याच्या किंवा जळगावच्या वकिलाला दाखवा. मी यात पाहीन ते असं : हिस्सा एकूण विक्रीवर आहे की खर्च वजा जाता उरलेल्यावर. झाडं मेली तर पुन्हा लावायचा खर्च कोणाचा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कंपनीची नोंद होणार का. आबांनंतर वाटणी झाली तर करार कोणाच्या गळ्यात. कंपनीच विकली गेली तर काय. वाद झाला तर कोर्ट कुठल्या शहरात. शेवटचं दिसायला किरकोळ आहे, पण गुरुग्रामच्या तारखांना जाणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. आणि तीस वर्षं! तुमचा पुतण्या तेव्हा पन्नाशीत असेल. त्याची सही घेणार आहात का?

आबांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. तिला इतिहास आहे. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने त्या वेळी वन असलेल्या खासगी जमिनी सरकारजमा झाल्या, आणि त्याच्या कज्ज्यांच्या गोष्टी जुन्या माणसांच्या डोक्यात पक्क्या आहेत. पण तो कायदा त्या वेळच्या वनांसाठी होता. आज तुम्ही आपल्या शेतात झाडं लावलीत म्हणून सातबाऱ्यावरचं नाव उडत नाही. तरी दोन गोष्टी करा. तलाठ्याकडून जुने फेरफार काढून इतर हक्कांत कुठं ‘वन’ असा शेरा आहे का ते पाहा. टेकडीच्या पायथ्याच्या जमिनीला तो कधीकधी असतो. आणि लावलेली झाडं ई-पीक पाहणीत नोंदवा, म्हणजे ती तुम्ही लावली आणि कधी लावली याचा कागद राहील. उद्या तोडायची वेळ आली तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, मोह, अंजन, चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं आहेत. ती स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगी लागते. आबांना हे आधीच सांगा. नंतर कळलं तर ‘मी सांगत नव्हतो?’ ऐकावं लागेल.

पक्ष्या-प्राण्यांबद्दलही खरं ते सांगतो. रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड, हे आपल्या खानदेशाचं मोठं नाव. शंभराहून जास्त वर्षं कोणाला दिसला नव्हता, संपला असं धरलं होतं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला सापडला. तुमच्या सात एकरांत तो येईल अशी आशा मी लावणार नाही. तो जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो, ढोली व्हायला झाडाचं आयुष्य जावं लागतं. पण म्हणूनच बांधावर एखादं अर्धं वाळलेलं निंबाचं किंवा मोईचं झाड असेल तर सरपणाला तोडू नका. तुमच्याकडे साधा पिंगळा येईल, नीलपंख येईल, ढोलीत पोपट येतील. रोही (नीलगाय) आणि रानडुकरंही येतील, आणि शेजारी तुमच्या नावाने बोटं मोडतील. शेजाऱ्याच्या मक्याच्या बाजूने कुंपण आधी घाला. बोराटीचं चालेल, वर सागरगोट्याचा वेल चढवा.

कुंपणाने मेंढ्या पूर्ण थांबत नाहीत. दिवाळीनंतर ठेलारींचे, म्हणजे भटक्या मेंढपाळांचे, वाडे तुमच्या भागातून जात असतील तर त्यांच्याशी आधी बोला. वाट ठरवून द्या, बरड सोडून उरलेल्या चार एकर वावरात खतासाठी मेंढ्या बसवा, दाणे द्या. ज्याच्याशी व्यवहार आहे त्याच्या वावरात कळप सोडताना माणूस दहादा विचार करतो. नुसती काठी घेऊन उभं राहिलात तर रात्री गवत जाईल.

आणि काठी घेऊन उभं कोण राहणार आहे? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘मला रान उभं करायचं आहे’ असं तुम्ही लिहिलंत, पण तुम्ही नाशिकला आहात. एप्रिलच्या उन्हात मडक्याने पाणी घालणारा, जाळरेषा काढणारा, शेजाऱ्याचं ऐकून घेणारा तुमचा धाकटा भाऊ असणार. त्याच्या डोक्यावर हे तुमच्या हौसेचं ओझं म्हणून टाकू नका. त्याच्या दिवसांची मजुरी धरा आणि दर महिन्याला पाठवा. गवताचा सगळा पैसा त्याचा, असं आबांसमोर ठरवा. काय लावायचं यात त्याचा शब्द शेवटचा ठेवा. त्याला खालच्या एकरभरात सीताफळ लावायचं असेल तर लावू द्या. ते मुळात बाहेरून आलेलं झाड आहे, शुद्धतावादी नाक मुरडतील, पण बरडावर येतं आणि बाजारात विकतं. रोहयोतून बांधावरच्या किंवा पडीक जमिनीवरच्या लागवडीला मजुरी बसते का, हे त्याला ग्रामपंचायतीत आणि सामाजिक वनीकरणाच्या कार्यालयात विचारू द्या. त्या रोपवाटिकेत अंजन, खैर, बेहडा हवे असतील तर हिवाळ्यातच मागणी नोंदवावी लागते. जूनमध्ये गेलं की उरलेलं हातात येतं.

राहिला बैलांचा प्रश्न, आणि तो सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. पहिले तीन पावसाळे सातही एकरांत एकही जनावर सोडायचं नाही, स्वतःचंसुद्धा. त्या काळात जोडीला कापलेलं गवत गोठ्यात टाका. सात एकरांचं गवत दोन बैलांना पुरून उरेल. शेंडे जनावराच्या तोंडाच्या वर गेले की दिवाळीनंतर, कापणी झालेल्या भागात, दोन-दोन एकर पाळीने बैल चारा. पावसाळ्यात मात्र तेव्हाही नाही. हिवराच्या शेंगा उन्हाळ्यात खाली पडतात, त्या वेचून पेंडीसारख्या घाला, आणि अंजनाचा पाला हवा असेल तर मोठ्या झाडाच्या खालच्या फांद्यांचाच काढा, शेंड्याला कोयता लावू देऊ नका.